सात तारखेचं पार्सल

सातपूरला लहानपण काढलेल्या पोराला कॅलेंडर लागायचं नाही. संध्याकाळी भुर्जीचा वास किती लांबून येतो त्यावरून तारीख कळायची. सात तारखेला तो आमच्या कॉलनीच्या पहिल्या गल्लीपर्यंत यायचा, दहाला त्याच्याही पुढे. पंचवीसला गाडीसमोर जाऊन उभं राहिलात तरी नुसता रॉकेलचा!

याचं कारण मला फार नंतर कळलं, नोकरीत पगाराच्या सॉफ्टवेअरवर काम करताना. १९३६ च्या पेमेंट ऑफ वेजेस ॲक्टमध्ये नियम होता की हजारापेक्षा कमी कामगार असतील तर पगार सात तारखेच्या आत, हजार किंवा जास्त असतील तर दहाच्या आत. (आता तो कायदाही नव्या वेतन संहितेत विरघळला.) आमच्यासाठी ती प्रोग्रॅममधली एक इफ-एल्सची ओळ होती. आणि मी बसल्या जागी त्र्यंबक रोडवर पोचलो. म्हणजे छोटी वर्कशॉपं सातला आणि मोठ्या कंपन्या दहापर्यंत. आमच्या रस्त्याला महिन्यातून दोनदा दिवाळी का यायची, ते तेव्हा कळलं.

आयटीआय सिग्नलपासून महिंद्रा सर्कलकडे निघालं की दोन्ही अंगांना एमआयडीसी. सेकंड शिफ्टवाले आत गेले की फर्स्टवाले सायकली आणि लुना काढून रस्त्यावर. बारना पाट्या होत्या, पण पाटीवरचं नाव कोणी घेत नसे. एक ‘काळ्या काचेचा’, एक ‘जिन्याखालचा’, एक नुसता ‘पडदा’. परमनंट माणूस परमिट रूममध्ये बसणार, हेल्पर आणि कंत्राटी पोरं देशीच्या दुकानात उभ्याउभ्या संत्रा मारणार. ही वर्णव्यवस्था कोणी लिहून दिलेली नव्हती, पण पाळली काटेकोर जायची.

परमिट रूम या नावाचीही गंमतच आहे. १९४९ चा दारूबंदी कायदा आपल्याकडे आजही आहे, त्यामुळे प्यायला परवाना लागतो, आणि तो मिळतो कशासाठी? तर आरोग्य राखण्यासाठी! आमच्या रस्त्यावर रोज संध्याकाळी शेकडो माणसं आरोग्य राखायची. असो.

दादा (म्हणजे माझे वडील) एका वर्कशॉपात टर्नर होते. सात तारखेला दोघातिघांत बसायचे, एक क्वार्टर, क्वचित जास्त. मग गाडीवरून पार्सल. चार अंड्यांची भुर्जी आणि आठ पाव, वर्तमानपत्रात गुंडाळलेले, तेलाने बातम्या पारदर्शक झालेल्या. पार्सल हा घरात शिरायचा पास होता. दादा दारात उभे राहून आधी पिशवी पुढे करायचे, मग पगाराचं पाकीट. आई पिशवी आमच्याकडे द्यायची आणि पाकीट मोजायला बसायची. ती भुर्जी तिने कधी खाल्ली नाही. "मला अंड्याचा वास सहन होत नाही," म्हणायची. सकाळी आमच्यासाठी ऑम्लेट मात्र तीच करायची.

शेजारच्या घरी पार्सल यायचं नाही. तिथला मुलगा माझ्याच वर्गात. त्याची आई सात तारखेला कंपनीच्या गेटवर जाऊन उभी राहायची, इतर चार-पाच बायकांबरोबर, डोक्यावर पदर घेऊन. पगार रोख होता. कामगाराने लेखी दिलं तर तो बँकेत भरायची सोय कायद्यात १९७६ पासूनच होती, पण तसं लिहून कोण देणार? ज्याने द्यायला हवं तोच मागच्या गेटने निघून जायचा. मग मित्राला ‘पडद्या’वर पाठवायचे. पोरांना आत सोडत नसत. तो बाहेरून "आप्पा, ओ आप्पा" करत राहायचा. वेटर बिचारा बशीत खारे शेंगदाणे आणून द्यायचा. शेंगदाणे संपले तरी आप्पा यायचे नाहीत.

आम्ही दहावीला असताना आप्पा गेले, लिव्हरने. बारची उधारी वसूल करायला कोणी आलं नाही, हे मित्र आजही चांगुलपणा म्हणून सांगतो. मी डिप्लोमाला गेलो आणि तो चायनीजच्या गाडीवर, कोबी चिरायला. लाल रंगाची, ड्रॅगन काढलेली गाडी.

पुढे पगार खात्यात जमा व्हायला लागला आणि एटीएम आलं. गेटवरच्या बायका दिसेनाशा झाल्या. प्यायचे ते पीतच राहिले म्हणा, पण सगळं पाकीट एकदम खिशात नसल्याने जरा हप्त्याहप्त्याने.

मित्राने स्वतःची गाडी टाकली ती मुंबई-आग्रा हायवेला, गरवारे पॉइंटच्या अलीकडे, एका बारच्या दारात. निम्मा धंदा चकण्याचा. डिसेंबर २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाचा आदेश आला आणि १ एप्रिल २०१७ पासून हायवेपासून ५०० मीटरच्या आतली दारू बंद. शेजारच्या बारला कुलूप, गाडी रिकामी. मग गिऱ्हाइकंच बाटली घेऊन यायला लागली आणि म्हणू लागली, फक्त ग्लास दे, पाण्याचे पैसे घे. आजूबाजूच्या गाड्यांनी दिले. जुलैमध्ये कोर्टाने शहरी हद्दीतल्या दुकानांना वाट मोकळी केली, पण तोवर त्याने गाडी विकून अशोकनगरला एक गाळा भाड्याने घेतला होता. नुसतं पार्सल, बसायला बाकडंसुद्धा नाही.

मागच्या शनिवारी गेलो होतो. काउंटरवर पाटी, ‘येथे ग्लास मिळणार नाही’. कंत्राटी पोरांची रांग होती, डिलिव्हरीवाले वेगळे उभे. मी म्हटलं, "लेका, ग्लास दिले असते तर आज तुझे दोन गाळे असते."

"तीन असते," तो म्हणाला. हात कढईतच होता. "इंजिनियर, हिशोब मलाही येतो."

मग त्याने मंचुरियन बांधलं, वर न मागता खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी टाकली आणि पूर्ण पैसे घेतले.