पंचवीस वर्षांचा पट्टा

2024 च्या दसऱ्याला सकाळी तात्यांनी नेहमीप्रमाणे सुमो अंगणात काढली. झेंडूच्या माळा ओवून झाल्या होत्या, पूजेचं ताट पायरीवर होतं. दोन बादल्या पाणी मारून त्यांनी दारांवरून ओलं फडकं फिरवलं आणि ते थबकले. फडक्याला चंदेरी खपल्या चिकटून आल्या होत्या. माशाच्या खवल्यांसारख्या, कडा वर वळलेल्या. दारावरच्या पट्ट्याचा तेवढा तुकडा निघाला होता आणि खालचा रंग बाकीच्या गाडीपेक्षा कितीतरी ताजा दिसत होता.

"हे बघ," त्यांनी हाक मारून मला दाखवलं. "शोरूममधनं आणली तेव्हाचा मरून."

तात्या म्हणजे माझे थोरले काका. कराडजवळच्या आमच्या गावात ही सुमो 1999 च्या दसऱ्याला आली. सुमो हे नाव जपानी पैलवानांवरून आलंय असं अनेकांना वाटतं. खरं तर टेल्को कंपनीला आकार देणाऱ्या सुमंत मूळगावकरांच्या नावाआडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधली पहिली दोन-दोन अक्षरं जोडून ते झालं आहे. 1994 साली पुण्याच्या टेल्कोनं आणलेली ही गाडी आमच्या भागात इतक्या लवकर रुळली, की वऱ्हाडातही तीच आणि वडापला, म्हणजे वाटेत हात करणारी माणसं भरून नेण्यालाही, तीच. तात्यांची गाडी वडापची नव्हती, तरी फाट्यावर ताटकळलेली माणसं तिला हात करायची. घरची गाडी लांबून ओळखू यावी म्हणून तात्यांनी आठवड्याभरातच तिला दोन्ही बाजूंनी पट्टे मारून घेतले. खाली रुंद, वर बारीक, पुढच्या मडगार्डपासून मागच्या दिव्यापर्यंत.

पट्टे मारले ते रेडियमच्या दुकानात. महाराष्ट्रात स्टिकर कापणाऱ्या प्रत्येक दुकानावर हा शब्द असतो. अंधारात चमकणाऱ्या घड्याळांच्या काट्यांना एके काळी खरोखर रेडियमचा रंग असे. पुढे चमकणाऱ्या प्रत्येक पट्टीला तेच नाव चिकटलं. दुकानातल्या रेडियममध्ये रेडियमचा कणही नसतो. ते विनाइल, म्हणजे पीव्हीसीचा पातळ पापुद्रा.

पीव्हीसी मुळात कडक आणि ठिसूळ. 1926 साली अमेरिकेत बी. एफ. गुडरिच कंपनीतले वाल्डो सेमन रबर धातूला चिकटवणारं रसायन शोधत होते. ते मिळालं नाही, पण उकळत्या द्रवात पीव्हीसी विरघळवताना त्यांच्या हाती रबरासारखा लवचिक पदार्थ आला. ही लवचिकता आत मिसळलेल्या प्लास्टिसायझरमुळे येते. उन्हातान्हात तो हळूहळू पापुद्र्यातून निघून जातो, अतिनील किरणं पीव्हीसीच्या साखळ्या तोडतात, आणि पट्टा पुन्हा मूळच्या कडकपणाकडे जातो. त्यात साधा पापुद्रा कारखान्यात रोलरांमधून दाबून ताणलेला असतो. त्या ताणानं तो वर्षानुवर्षं आकसू पाहतो. कडक झालेला पट्टा आकसला की फुटतो.

तात्यांचा पट्टा तसाच फुटला होता. उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याच्या गाळाला पडतात तशा भेगा, फक्त नखाएवढ्या चौकटींच्या. प्रत्येक चौकटीची कड वर वळलेली आणि त्या कडेखाली काळी धूळ. एकदोन ठिकाणी खडी लागून रंग उडाला होता. तिथं पट्ट्याखाली पाणी मुरून तांबूस ठिपके आले होते. महिनाअखेरीला गाडी पासिंगला न्यायची होती. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि मग दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते. सुमोची ही दुसरी पाच वर्षंही भरत आली होती. गंज वाढण्याआधी पट्टे काढायचे ठरलं.

काम सोपं वाटलं म्हणून त्याच दुपारी मी घरातलं पातं घेऊन बसलो. पहिल्या दोन खपल्या टपकन उडाल्या. तिसरीला पातं किंचित तिरकं झालं आणि मडगार्डवर दोन इंचांची करडी रेघ उमटली. करडा म्हणजे प्रायमर. रंग संपला होता. तात्या काही बोलले नाहीत, त्यांनी अंगठ्यानं ती रेघ एकदा पुसून पाहिली. ती पुसली जाणारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी कराडहून मिस्त्री आले. डेंटिंग-पेंटिंगमध्ये त्यांची तीस वर्षं गेलेली. आल्या आल्या ते म्हणाले, "दादा, पातं ठेवा खाली. लोखंडाचं काम काचेवर. रंगावर नाही."

कारखान्यातून आलेल्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन भरतात. डोक्याचा केस सत्तरेक मायक्रॉनचा, म्हणजे दीड-दोन केसांएवढी ही जाडी, आणि त्यातही वरचा रंगाचा थर त्याच्या एका भागाएवढाच. पट्टाही जवळजवळ तेवढाच जाड. पात्याच्या टोकाला पट्टा कुठं संपतो आणि रंग कुठं सुरू होतो हे कळणार तरी कसं?

मिस्त्रींनी आधी गाडी साबणानं धुऊन घेतली, भेगांतली धूळ दात घासायच्या ब्रशनं काढली. मग पिशवीतून हीट गन काढली आणि तिच्यासोबत एक जुनं एटीएम कार्ड. गनचं तोंड वीतभर लांब धरून ते हात सतत हलता ठेवत होते. थोड्या वेळानं पत्र्यावर तळवा टेकवून बघायचे. तळवा टेकवत नसेल तर जास्त झालं. गार असताना पट्टा काचेसारखा फुटतो, फार तापवला तर पापुद्रा वितळल्यागत ताणला जाऊन तुटतो आणि गोंद सगळा रंगावर राहतो. मधली एक ऊब असते. त्या उबेत पापुद्रा जरा मऊ होतो आणि खालचा गोंद पकड सोडतो. मिस्त्री त्या क्षणी कार्डाच्या कोपऱ्यानं कड उचलायचे, चिमटीत धरायचे आणि पत्र्याच्या अंगालगत, मागच्या दिशेला, अगदी सावकाश ओढायचे.

"वर ओढू नका. वर ओढलं की तुटतंय. त्याला झोपवून न्या."

मला त्यांनी दुसरी बाजू दिली, घरातला हेअर ड्रायर आणि दुसरं कार्ड घेऊन. वीतभर पट्ट्याला पाव तास लागायचा. सुमोच्या एका बाजूवर पंधरा वितींचा एक पट्टा, तसे दोन. पहिला दिवस संपला तेव्हा बोटांची अग्रं पोळून गुळगुळीत झाली होती आणि अखंड निघालेला सगळ्यात मोठा तुकडा हातभर होता. तात्यांनी तो जपून वर्तमानपत्रात ठेवला.

डावं मागचं दार मिस्त्रींनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. त्यांनी कापसाला थिनर लावून दाराच्या आतल्या कडेला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, हलकेच घासलं. कापूस लाल झाला. शेजारच्या दारावर तसंच केलं, तिथं कापूस पांढराच राहिला. कारखान्यात रंग भट्टीत भाजला जातो, त्यामुळे तो थिनरला सहजासहजी दाद देत नाही. गॅरेजमध्ये हवेवर वाळवलेला साधा रंग मात्र लगेच सुटतो. 2007 साली या दाराला एक ट्रॅक्टर घासला होता आणि ते एका गॅरेजमध्ये रंगवून आणलं होतं, हे तात्यांना तेव्हा आठवलं. नंतर त्यावर नवा पट्टा मारला होता.

"इथं गोंदाची पकड रंगावर पक्की आहे, पण रंगाची पकड पत्र्यावर नाही," मिस्त्री म्हणाले. त्या दारावर हीट गन बाजूला ठेवून त्यांनी कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं पट्ट्यावर धरलं. तरीही हँडलखाली रुपयाएवढा रंग पट्ट्याबरोबर आलाच. खाली पोचा भरायची लांबी दिसली.

चिकटपट्टी आणि मोटारीचा रंग यांचं हे भांडण जुनं आहे. 1920 च्या दशकात दोन रंगांच्या मोटारींची टूम होती. अमेरिकेत सेंट पॉल इथं थ्रीएमचे रिचर्ड ड्रू एका बॉडी शॉपमध्ये गेले, तेव्हा रंगारी वैतागलेले होते. दुसरा रंग मारताना लावलेला कागद काढला की पहिला रंग सोलून यायचा. त्यातून ड्रू यांनी 1925 साली मास्किंग टेप काढली, चिकटेल पण रंग उचलणार नाही इतक्याच बेताच्या गोंदाची. गाडीच्या पट्ट्याला मात्र वर्षानुवर्षं धरून ठेवणारा गोंद लागतो. पंचवीस वर्षांनी तो काढायला बसलं, की तीच पकड आपल्या आड येते.

तिसऱ्या दिवशी गोंदाची पाळी. पिवळट, चिकट, धूळ धरणारा थर दोन्ही बाजूंना लांबच लांब राहिला होता. गावात अशा कामाला सर्रास पेट्रोल वापरतात. मिस्त्रींनी ते अंगणात येऊच दिलं नाही, पलीकडे चूल पेटलेली होती. त्यांनी ड्रिल मशीनला रबराचं चाक लावलं, शाळेतल्या खोडरबरासारखं, हाताच्या पंजाएवढं. कमी वेगानं, एका जागी न थांबता ते फिरवलं की गोंद आणि उरलेला पापुद्रा खोडरबराच्या चुऱ्यासारखा गोळा होऊन खाली पडतो. जास्त दाबलं तर घर्षणानं रंग जळतो, म्हणून दर दोन फेऱ्यांनंतर ते पत्र्यावर तळवा टेकवत. डाव्या मागच्या दारावर चाक लावलंच नाही. तिथं रॉकेलमध्ये बुडवलेलं फडकं ठेवून आम्ही अर्धा अर्धा तास वाट पाहिली आणि अंगठ्यानं गोंद गोळा करत काढला.

गाडी धुतली, पुसली. पट्टे गेले होते, तरी ते होते. जिथं पट्टा होता तिथं गर्द, ओला वाटावा असा मरून, आणि वर-खाली पंचवीस वर्षांच्या उन्हानं फिका, खडूसारखा झालेला तोच रंग. जवळ जाऊन पाहिलं तर त्या गर्द पट्ट्यावर बारीक फिकट रेघांचं जाळं होतं. विनाइलला भेगा पडल्या होत्या तिथून ऊन आत उतरलं होतं आणि प्रत्येक भेग रंगावर उमटली होती. अख्खा नकाशाच. तात्या चष्मा काढून तो पाहत उकिडवे बसले.

मिस्त्रींनी रबिंग कंपाउंड काढलं. फिक्या रंगाचा वरचा मेलेला थर खरवडून गेला, तर खालचा जिवंत रंग पट्ट्याच्या जवळ येतो. पांढरं फडकं दोन हातांत मरून झालं. गाडीवर वेगळा पारदर्शक थर नाही, घासून जातोय तो रंगच, याची ती खूण. म्हणून त्यांनी जपून, ठरावीक हात मारले आणि दारांच्या कडांना टेप लावून ठेवली, कारण धारेवर रंग सगळ्यात पातळ असतो. गंजाचे ठिपके घासून प्रायमर लावला, माझ्या रेघेवर आणि हँडलखाली रंगाचा हात दिला. संध्याकाळी मेण लावून झाल्यावर समोरून काहीच दिसेना. तिरप्या उन्हात, मागच्या दिव्याशी डोळा नेला तरच एक पुसट पट्टा पुढपर्यंत जाताना दिसे.

"अजून घासू?" मिस्त्रींनी विचारलं.

"नको," तात्या म्हणाले. "राहू दे तेवढा."

महिनाअखेरीला गाडी पासिंग होऊन आली. येताना मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. गावच्या फाट्यावर डोक्यावर बोचकं घेतलेली एक म्हातारी उभी होती. सुमो लांबून दिसताच तिनं वडापला करतात तसा हात केला. तात्यांनी आरशात मागं पाहिलं, गाडी कडेला घेतली आणि मला म्हणाले, "उतर, मागचं दार उघड. डावं नको, उजवं उघड. डाव्याचा रंग अजून कच्चा आहे."