अनिश्चिततेचा धाक

आमच्या जालना जिल्ह्यांतील कोरडवाहू शेतकरी मृगाच्या ओलीवर पेरणी करतो, तेव्हां पुढील पाऊस वेळेवर येईल असें त्यास कोणी लिहून दिलेलें नसतें. चिंता त्यालाहि असते. तरी तो तिफण थांबवीत नाहीं. याच भागांतून छत्रपती संभाजीनगरास विद्यापीठांत शिकावयास गेलेल्या कित्येक मुलांस मात्र वर्गांत एक प्रश्न विचारण्याचें धैर्य होत नाहीं.

मुलगा भित्रा आहे अथवा शिष्ट आहे, असा निकाल घरांतील वडील मंडळी चटकन देतात. आम्हांस तो मान्य नाहीं. आमच्या पुतण्याचा मुलगा अभ्यासांत हुशार. परंतु तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्रीं त्यास झोप येत नाहीं. आम्हीं विचारलें, "नापास होशील असें वाटतें काय?" तो म्हणाला, "आजोबा, नापास होणार हें नक्की ठाऊक असतें, तर निजलों असतों. काय विचारतील, माझ्याकडे कसें पाहतील, हेंच कळत नाहीं."

हें मर्म मानसशास्त्रज्ञांनीं ओळखलें आहे. अनिश्चितता मनुष्यास किती असह्य होते हें मोजण्यासाठीं १९९४ सालीं कॅनडांत फ्रीस्टन प्रभृति संशोधकांनीं २७ विधानांची प्रश्नावली रचली. २००७ सालीं कार्ल्टन प्रभृतींनीं ती १२ विधानांवर आणली. ज्यांस अनिश्चितता फार जाचते, त्यांच्यांत चारचौघांतील भीतिहि बहुधा अधिक आढळते. एकामुळेंच दुसरें होतें असें एवढ्यावरून ठरत नाहीं. पण संबंध समजण्याजोगा आहे. दुसऱ्याचें मन कधींच पुरतें कळत नाहीं. ज्यास तें आधीं कळलेंच पाहिजे, तो गप्प बसतो. मौनाचा परिणाम तरी ठाऊक असतो!

गौतमाच्या न्यायसूत्रांत सोळा पदार्थ सांगितले आहेत. त्यांत संशय तिसरा आणि निर्णय नववा. निर्णयाची वाट संशयांतूनच जाते. आमच्या एकत्र कुटुंबांत मात्र ती वाट मुलास चालूं देत नाहींत. पाहुण्यानें नांव विचारलें कीं उत्तर आई देते. तिकीट काका काढतात. विषय कोणता घ्यावा हें वडील ठरवितात. मग अठराव्या वर्षीं त्यानें परक्या सभेंत निर्भयपणें बोलावें ही अपेक्षा!

भीतीमुळें शिकणेंच थांबूं लागलें, तर मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला अवश्य घ्यावा. त्यांत लाज नाहीं. एरवीं लहानसहान अनिश्चित कामें त्याचीं त्यास करूं द्यावीं. उत्तर चुकलें तर हंसूं नये. "सर्व नीटच होईल" असें आश्वासनहि देऊं नये. "काय होईल तें ठाऊक नाहीं; तरी तूं जा. परत येशील तेव्हां जेवावयास थांबतों," एवढें म्हणावें.