अंगठ्याखालची हवा

सायकलच्या चाकात हवा किती आहे हे बघायला आपल्याकडे मीटर लागत नाही, अंगठा लागतो. टायर चिमटीत धरायचा, अंगठा दाबायचा आणि तो आत गेला नाही की समाधानानं मान डोलवायची. हा अंगठा काळ्या सायकलीवर शिकलेला आहे. अठ्ठावीस-दीडचं चाक, व्हॉल्व्हट्यूबवाली ट्यूब, कॅरिअरवर दुधाचे कॅन नाहीतर डबलसीट बसलेला भाऊ. तिथं हवा कमी असली की खड्ड्याच्या काठावर रिम आपटायची आणि ट्यूबला शेजारीशेजारी दोन भोकं पडायची. म्हणून ‘टाइट’ म्हणजे चांगली, हे समीकरण हाडात भिनलं. पंक्चरच्या दुकानात आजही ‘टाइट मारू ना?’ असंच विचारतात आणि नको म्हणणारं गिऱ्हाईक विरळाच. स्वस्तातली जाड टायरची सायकल, जिला दुकानदार आणि पोरं दोघंही ‘फॅट बाइक’ म्हणतात, ती आपल्याकडे इतक्या लवकर धूळ खात का पडते, याची कारणं किमतीत, वजनात, हलक्या सुट्या भागांत शोधली जातात. माझं म्हणणं असं की मुख्य दोष या अंगठ्याचा आहे. ही सायकल चुकीच्या वयात घेतली जाते ही दुसरी अडचण, पण तिचं मूळही पहिल्या अडचणीतच आहे.

माणसाच्या आयुष्यात सायकली एकामागून एक येतात. आधी तीनचाकी, मग मागे आधाराची दोन छोटी चाकं लावलेली, ती काढल्यावर गुडघे फोडणारी. आधीच्या पिढ्यांत यानंतर तासाच्या भाड्यानं आणलेली सायकल यायची आणि मोठ्यांच्या सायकलीच्या दांडीखालून पाय घालून मारलेले अर्धे पायडल. आता त्या जागी, तेराव्या-चौदाव्या वर्षी, फॅट बाइक येते. त्या वयाला सायकल नकोच असते, मोटारसायकल हवी असते. चार इंच रुंदीचा टायर, निऑन रंगाची रिम, डिस्क ब्रेक, ‘२१ गिअर’ असं लिहिलेलं स्टिकर, एवढ्या ऐवजावर दहा-पंधरा हजारांत ती हौस भागते. मुलगा सायकल पेट्रोल पंपावर नेतो, तिथला माणूस मोटारसायकलच्या हिशेबानं हवा मारतो, टायर ढोलासारखा वाजायला लागतो. पुढची तीन-चार वर्षं ती सायकल फक्त डांबरावर, क्लासला आणि परत, अशी फिरते. अठराव्या वर्षी लायसन्स आलं की सोसायटीच्या पार्किंगमध्ये, पाण्याच्या टाकीशेजारी तिची जागा पक्की होते.

तिथं जाऊन तिचा टायर जरा वाकून बघावा. मधल्या पट्ट्यातल्या गुठळ्या झिजून सपाट झालेल्या असतात. कडेच्या गुठळ्यांवर मात्र साच्यातून निघताना राहिलेले रबराचे बारीक केस अजून तसेच उभे असतात. म्हणजे चार इंचांतला इंच-दीड इंचच काय तो जमिनीला लागला, बाकीच्यानं नुसती शोभा केली. याचा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राइतका सोपा आहे. चालवणारा ८० किलोचा आणि सायकल २० किलोची धरू, एकूण १०० किलो. १ पीएसआय दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण ७० ग्रॅम. चाकात ३० पीएसआय हवा असेल तर १०० किलो पेलायला दोन्ही चाकं मिळून ४७-४८ चौरस सेंटिमीटर जमीन पुरते. हवा ८ पीएसआयवर आणली तर तेवढ्याच भाराला १८० चौरस सेंटिमीटर लागतात, म्हणजे जवळजवळ दीड पोस्टकार्ड. आणि ५० पीएसआयच्या काळ्या सायकलीला? दोन चाकांना मिळून दोन काडेपेट्यांएवढीही जागा लागत नाही. टायरच्या कडांचा ताठपणा थोडा भार उचलतो हे खरं, पण हिशेबाची दिशा त्यानं बदलत नाही. पंपावरची ३०-३५ पीएसआय हवा भरलेली फॅट बाइक ही नुसती जड सायकल असते. तिला जे वेगळं करतं ते रबर नाही. ती आतली हवा आहे, आणि तीही कमी असलेली.

हे यंत्र जन्मलं ते याच कमी हवेसाठी. अलास्कात १९८७ साली इडिटाबाइक नावाची शर्यत सुरू झाली. कुत्र्यांच्या घसरगाड्यांच्या वाटेवरून, बर्फातून सायकली न्यायच्या. साधी चाकं बर्फात रुतायची आणि स्पर्धक सायकल ढकलतच मैलामागून मैल जायचे. मग कुणी दोन रिमा शेजारीशेजारी जोडून वेल्ड केल्या, कुणी ४४ मिलिमीटरची रिम बनवली. तिकडे न्यू मेक्सिकोत वाळूच्या टेकड्यांसाठी रे मोलिना यांनी ८० मिलिमीटरच्या आसपासच्या रिमा आणि त्यावर बसणारे टायर करून घेतले. बर्फ आणि वाळू या दोन टोकांच्या गरजा एकाच उत्तरावर येऊन भेटल्या. २००५ मध्ये मिनेसोटाच्या सर्ली कंपनीनं ‘पग्स्ली’ बाजारात आणली, ६५ मिलिमीटरची रिम आणि ३.७ इंचांचा टायर. त्यानंतर काही वर्षांतच तोच आकार अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांच्या फळीवर अगदी स्वस्तात आला आणि तिथून आपल्याकडे. पण प्रवासात एक गोष्ट गळाली. टायर आला, हवा कमी ठेवायची हे कुणी सांगितलं नाही. खरं तर टायरच्या कडेवर उठावाच्या बारीक अक्षरांत ते छापलेलं असतं, कमाल बहुतेकदा वीस किंवा तीस. पण आपल्याकडे ते वाचायचा रिवाज नाही. अंगठ्याला कुठं वाचता येतं?

यावर पहिला आक्षेप वजनाचा येतो आणि तो सगळ्यांत ठाम असतो. स्वस्त फॅट बाइक सतरा ते वीस किलो भरते, हिला घेऊन चढ चढायचा म्हणजे शिक्षा. हिशेब करून पाहू. स्वार ७५ किलोचा. एक सायकल १३ किलोची, दुसरी १८ किलोची. एकूण ओझं ८८ विरुद्ध ९३, म्हणजे चढावर या पाच किलोंपायी लागणारी जास्तीची ताकद सहा टक्क्यांच्या आत. दिवाळीतला फराळ एवढं वजन सहज वाढवतो आणि त्यासाठी कुणी चकलीला दोष देत नाही. सपाट रस्त्यावर तर वजन जाणवतं ते फक्त निघताना. मग ही सायकल ओढताना दम का लागतो? तर टायरचं जाड रबर आणि त्यावरच्या गुठळ्या प्रत्येक फेऱ्यात दबतात, उलगडतात आणि त्यात पायाची मेहनत मुरते. हे नुकसान डांबरावर खरं आहे, आणि हवा कमी केली की वाढतंही. शिवाय कमी हवेवर डांबरावर पुढचं चाक हॅण्डलला आपल्या मर्जीनं खेचतं. तेव्हा रोज दहा किलोमीटर डांबरावरून कामाला जायचं असेल तर फॅट बाइक घेऊ नये. त्याच पैशात जुनी, चांगल्या घरची हायब्रीड शोधावी, नाहीतर सरळ काळी सायकल घ्यावी. या बाबतीत आक्षेप घेणाऱ्यांशी माझा वाद नाही. वजन खरं लागतं ते जिन्यावर. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसताना, वीस किलो खांद्यावर घेणाऱ्याला मी टक्केवारी सांगायला जाणार नाही.

दुसरा आक्षेप दर्जाचा. दहा-पंधरा हजारांत काय येणार? साधं पोलाद, तारेवर चालणारे डिस्क ब्रेक, सर्वांत खालच्या पायरीचे गिअर. इथं मात्र मला या सायकलीची बाजू घ्यावीशी वाटते. महागड्या माउंटन बाइकचा मोठा पैसा शॉकअपमध्ये जातो. खड्डा गिळणं आणि गिळल्यावर सायकलला उसळू न देणं, ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं काम करणारं यंत्र स्वस्तात होत नाही, म्हणून स्वस्त सायकलीच्या पुढच्या शॉकअपमध्ये निव्वळ एक स्प्रिंग असते, जी पायडल मारताना आपलीच ताकद खाते आणि वजन उगाच वाढवते. फॅट बाइकला त्याची गरज नाही. चार इंचांचा टायर हाच तिचा शॉकअप, आणि त्यातली स्प्रिंग म्हणजे हवा, जी पंधरा हजारांच्या सायकलीत आणि दीड लाखाच्या सायकलीत सारखीच असते. घेताना म्हणूनच शॉकअप नसलेली, सरळ ताठ फोर्कची घ्यावी. दुकानदार तिला ‘बेसिक मॉडेल’ म्हणून कोपऱ्यात ठेवतो, तीच घ्यावी. उरलेले पैसे ब्रेक पॅड, बरे पायडल आणि हवेचं मीटर असलेला पायपंप यांवर घालावेत. एक मान्य करायला हवं, हवेची ही स्प्रिंगही उसळते. दाब दोन-तीन पीएसआयनं जास्त झाला की सायकल चेंडूसारखी टप्पे घेते, कमी झाला की चिखलात चालल्यासारखी जड होते. पण हा दोष थोडी हवा सोडून किंवा भरून दुरुस्त होतो, फुकट.

पंक्चरचं काय, हा प्रश्न रास्त आहे. जाड रबराला काटा लागत नाही हा गैरसमज आहे. बाभळीचा काटा आणि सराटा दोघंही जाडी मोजत बसत नाहीत. चौकातल्या दुकानात चार इंचांची ट्यूब मिळेलच असं नाही, म्हणून एक सीटखाली बांधून ठेवावी. अगदीच अडलं तर सव्वीसची साधी रुंद ट्यूबही ताणून घरापर्यंत पोचवते. मागचं चाक काढणं हा थोडा घाम काढणारा प्रकार आहे. पान्यानं दोन नट, मग डिरेलर मागे ओढून चेन सोडवायची आणि डिस्कची पट्टी वाकणार नाही अशा बेतानं चाक खाली. एकदा हात बसला की होतं. हवा भरताना मात्र धीर लागतो, कारण या टायरमध्ये काळ्या सायकलीच्या टायरच्या सहापट-सातपट जागा असते.

मग ही सायकल कुठं चालवायची? आपल्याकडे बर्फ नाही, पण भूगोलानं या टायरला अगदीच वाऱ्यावर सोडलेलं नाही. कालव्याच्या कडेचा मुरमाचा रस्ता, धरणाच्या भिंतीमागची गाडवाट, शेतांमधून जाणारी पाणंद, कोकणातल्या सड्यावरचा खडबडीत जांभा, इथं १२-१५ पीएसआयवर ही सायकल जी शांतपणे जाते ती बघण्यासारखी. समुद्रकाठचा ओला, घट्ट पट्टा साध्या सायकलीलाही पेलतो. फॅट बाइकची गरज त्याच्यावरच्या भुसभुशीत वाळूत, हवा सात-आठवर आणली की. पण दोन गोष्टी आड येतात. खारं पाणी पोलादाला खातं, वाळू चेनीत काचकागदाचं काम करते, म्हणजे जिथं सायकल खुलते तिथंच ती मरते. घरी आल्याआल्या गोड्या पाण्यानं धुऊन, पुसून, चेनीला तेल द्यायचा कंटाळा असेल तर किनारा सोडावा. आणि वेळास, आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं भरतीच्या रेषेवरच्या याच कोरड्या वाळूत अंडी घालतात. घरट्यातून निघालेल्या हाताच्या बोटाएवढ्या पिल्लाला चाकाचा खोल चर ओलांडता येत नाही. त्या महिन्यांत ओल्या पट्ट्यावरच राहिलेलं बरं. आणि काळी माती! पावसाळ्यात विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या रानात फॅट बाइक घालणं म्हणजे टायरला गिलावा करणं. दहा पावलांत माती फोर्कमध्ये ठासून बसते आणि चाक फिरायचं थांबतं. तिथं बैलगाडीचं अरुंद, उंच चाकच खरं. ते खाली जाऊन कठीण थर शोधतं. जाड टायर वरवर तरंगू बघतो आणि काळी माती कुणाला तरंगू देत नाही.

शेवटचा आक्षेप उरतो तो दिखाऊपणाचा, आणि तो घेणारे बहुधा त्या मुलाचे आईवडीलच असतात. त्यांचं बरोबर आहे. चौदाव्या वर्षी ही सायकल दिखाव्यासाठीच घेतली जाते, आणि वेग हाच त्या वयाचा धर्म असल्यानं तिचा खरा गुण त्या वयाला कळणं अवघड. पण वस्तू कुणासाठी घेतली आणि ती कुणाच्या कामाची आहे, हे दोन प्रश्न आहेत. पन्नाशीला टेकलेल्या, गुडघा कुरकुरणाऱ्या, मनगटात मुंग्या येणाऱ्या, वीस-पंचवीस वर्षं सायकलवर न बसलेल्या माणसाला काय हवं असतं? तोल सांभाळून घेणारं चाक. गतिरोधकावर पाठीत न बसणारा हादरा. खडीवर न घसरणारं वळण. ताशी दहा-बारा किलोमीटरची लाज न वाटणं. या वेगाला वारा फारसा आडवा येत नाही आणि कुणाशी शर्यत नसते. बारीक टायरवर तो माणूस पहिल्याच खड्ड्याला घाबरून उतरेल. रुंद, मऊ टायर त्याला सांभाळून नेतो. साडी नेसणाऱ्या किंवा उंची कमी असलेल्या बाईला मधली दांडी आडवी येते ही अडचण खरी आहे. दांडी खाली उतरलेल्या फ्रेमच्या फॅट बाइक आपल्या दुकानांत कमी दिसतात, त्या जास्त दिसायला हव्यात.

अशा माणसासाठी नवी सायकल घ्यायचीही गरज नाही. ती पार्किंगमध्ये उभीच आहे, सीटवर कबुतराची विष्ठा, टायर रिमपर्यंत बसलेले. ब्रेकच्या तारा बदलायच्या, चेन रॉकेलमध्ये बुडवून ठेवायची, सीट उंच करायचं, कारण ते चौदा वर्षांच्या मुलाच्या मापाचं राहिलेलं असतं. मग पंप लावायचा. काटा दहावर आला की थांबायचं. टायर चिमटीत धरून दाबला की अंगठा आत जाईल, बराच आत जाईल, आणि हात सवयीनं पुन्हा पंपाकडे वळेल. तो तिथं जाऊ द्यायचा नाही.