नो रिग्रेट्स... खरंच?

माझा पहिलावहिला रिव्ह्यू छापून नाही, चिकटवून आला होता. कॉलेजच्या भित्तिपत्रकात, २०१६ साली. पाचपैकी दोन स्टार दिले होते आणि शेवटी एक खवचट वाक्य टाकलं होतं : शेवट आधीच माहीत असलेली गोष्ट बघण्यात तास का घालवायचा? होस्टेलवर त्या वाक्याला बऱ्यापैकी टाळ्या मिळाल्या. घरी मात्र धाकट्या भावाने दोन दिवस अबोला धरला. कारण मी जिची वाट लावली होती, ती त्याची जान होती... 'अटॅक ऑन टायटन : नो रिग्रेट्स'.

गेल्या रविवारी आम्ही दोघांनी ती परत बघितली. आणि मला ते दोन स्टार मागे घ्यावे लागले. का, ते सांगते.

ॲनिमे म्हटलं की ज्यांना अजून डोरेमॉन आणि शिनचॅनच आठवतात, त्यांच्यासाठी थोडक्यात. हाजिमे इसायामाची 'अटॅक ऑन टायटन' ही मंगा, म्हणजे जपानी कॉमिक, २००९ ते २०२१ चालली. माणसं खाणारे अवाढव्य टायटन, त्यांच्या भीतीने उंच भिंतींच्या आत कोंडून घेतलेली माणसं आणि जीव मुठीत धरून भिंतीबाहेर जाणारी सर्व्हे कोअर. २०१३ मध्ये त्यावर ॲनिमे आली आणि त्यातला कॅप्टन लिवाय बघता बघता सगळ्यांचा लाडका झाला. उंची जेमतेम १६० सेंटिमीटर, चेहरा कारल्याचा रस प्यायल्यासारखा आणि स्वच्छतेचं वेड कुठल्याही काकूंना लाजवेल असं!

आता पब्लिकला एखादं पात्र आवडलं की त्याचा भूतकाळ विकायला काढायचा, हा धंद्याचा जुना नियम. लिवायचंही तेच झालं. आधी सिरीजच्या ब्लू-रेसोबत एक छोटी व्हिज्युअल नॉव्हेल आली. मग त्यावरून गन स्नार्कच्या कथेवर हिकारू सुरुगाने मंगा काढली. तीही 'आरिया' या मुलींच्या मासिकात, दोन पुस्तकांची. आणि मग तिची ॲनिमे, दोन भागांची. डिसेंबर २०१४ आणि एप्रिल २०१५ मध्ये मूळ मंगाच्या १५व्या आणि १६व्या खंडासोबत ती दिली गेली. थोडक्यात, साईड स्टोरीची साईड डिश.

गोष्ट साधी आहे. (स्पॉयलर आहेत, पण दहा वर्षं उलटून गेलीत राव!) राजधानीच्या खाली, जमिनीच्या पोटात एक गलिच्छ वस्ती आहे. तिथे लिवाय, फरलान आणि इसाबेल हे तिघं चोऱ्यामाऱ्या करून जगतात. एक उमराव त्यांना सुपारी देतो : सर्व्हे कोअरमध्ये शिरा, एर्विन स्मिथ नावाच्या अधिकाऱ्याकडची कागदपत्रं पळवा, त्याला संपवा. बक्षीस म्हणजे जमिनीवर, उजेडात राहायचा हक्क. पहिल्याच मोहिमेत धो धो पाऊस, पुढचं काही दिसत नाही. लिवाय ठरवतो, ही संधी आहे, एर्विनकडे मी एकटा जातो. फरलानला ते पटत नाही. पण तो आणि इसाबेल शेवटी लिवायवर विश्वास ठेवून मागे थांबतात. लिवाय परततो तेव्हा उशीर झालेला असतो.

आता माझा २०१६ चा आक्षेप. मूळ सिरीजमध्ये लिवाय आहे, एर्विन आहे. फरलान आणि इसाबेल नाहीत. म्हणजे पहिल्या पाच मिनिटांतच कळतं की कोण मरणार! मग सस्पेन्स कसला?

तेव्हा मी 'पुढे काय होणार' एवढ्या एकाच काट्यावर गोष्ट तोलत होते. प्रीक्वेलला तो काटा लावलात तर शंभरातल्या नव्याण्णव नापास होतील. प्रीक्वेलला विचारायचा प्रश्न वेगळा : ही बघितल्यावर मूळ गोष्ट बदलते का?

इथे ती बदलते. पहिल्या सीझनमध्ये लिवाय एरेनला सांगतो की स्वतःच्या ताकदीवर विसंबायचं की साथीदारांवर, हे मला कधीच कळलेलं नाही; परिणाम आधी कुणालाच माहीत नसतो, तेव्हा ज्याचा पश्चात्ताप कमी होईल ते निवड. पहिल्यांदा ऐकताना हा कूल कॅप्टनचा कूल डायलॉग वाटतो. प्रीक्वेलनंतर कळतं, हा डायलॉग नाही, जखम आहे. आणि तीही एर्विनने बांधलेली. मित्रांच्या मृतदेहांजवळ लिवाय एर्विनवर तलवार उगारतो. एर्विन पातं उघड्या हाताने धरतो, रक्त गळत असतं, आणि तो म्हणतो त्याचा अर्थ असा की पश्चात्ताप करत बसलास तर पुढचे निर्णय दुसऱ्यांवर सोडायला लागशील. पुढे २०१९ मध्ये तिसऱ्या सीझनच्या दुसऱ्या भागात लिवायच्या हातात एकच इंजेक्शन असतं. वाचवायचं कुणाला, एर्विनला की कोवळ्या आर्मिनला? तो सीन मी तेव्हा बघितला आणि आठवण झाली ती त्या पावसातल्या रक्ताळलेल्या हाताची. २०१६ च्या माझ्या निकालाला तीन वर्षांनी खुद्द मूळ सिरीजनेच स्थगिती दिली होती!

म्हणून सगळं माफ? मुळीच नाही. उमरावाचं राजकारण पुठ्ठ्याच्या सेटसारखं पोकळ आहे. आणि मुख्य दोष म्हणजे घाई. दोन पुस्तकांची मंगा अर्ध्या-अर्ध्या तासाच्या दोन भागांत कोंबलीय. मंगात या तिघांच्या मैत्रीला, फरलानच्या हिशेबी डोक्याला जागा मिळते. ॲनिमेत तेच भराभर उरकलंय. आपण रडतो ते म्युझिक आणि ॲनिमेशनच्या जोरावर, त्या दोघांना ओळखतो म्हणून नाही. ते फक्त लिवायला दुःख व्हावं म्हणून मरतात.

हे मी रविवारी मोठ्या रुबाबात भावाला ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, ''हे तू मला सांगतेस, ताई?''

इथे थोडं घरचं सांगावं लागेल.

माझा भाऊ पुण्यात एमपीएससी करायचा. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणं, पहाटे अभ्यासिकेत जागा धरणं, मेसचा डबा... तुमच्या ओळखीत असा एक तरी असेलच. दोन वर्षं पूर्व परीक्षा थोडक्यात हुकली. २०२३ मध्ये परीक्षा वर्णनात्मक करण्यावरून आंदोलनं चालू होती, नवा पॅटर्न २०२५ वर ढकलला गेला, आणि याचा चेहरा दिवसेंदिवस उतरत होता. एका रात्री त्याने फोन केला. ''ताई, काय करू?'' मी म्हटलं, ''सोड.'' महिन्याभरात तो हिंजवडीत नोकरीला लागला. पुढे त्याचा रूममेट पास झाला. पेढे घेऊन आमच्या घरी आला. बाबांनी पेढा खाल्ला आणि मग बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

तेव्हापासून मी प्रत्येक फॅमिली गॅदरिंगला, कोणी विचारो न विचारो, एक वाक्य बोलते : ''मीच सोडायला लावलं त्याला.'' मला वाटायचं, मी जबाबदारी घेतेय. मोठी बहीण ना!

''राग येतो का रे तुला माझा?'' रविवारी शेवटी विचारून टाकलं.

''सोड म्हणालीस त्याचा नाही येत,'' तो म्हणाला. ''मी तीन जणांना फोन केला होता त्या रात्री. दोघं म्हणाले अजून एक अटेम्प्ट दे. मी तुझं ऐकायचं ठरवलं. मी ठरवलं, ताई. फरलाननेही थांबायचं ठरवलंच ना? नंतर सगळे लिवायच्या दुःखाबद्दलच बोलतात. तू पण तसंच करतेस. परीक्षा माझी, सोडली मी, आणि रडायचं तू!''

मला काही सुचलं नाही. रिमोट त्याच्या हातात होता, त्याने क्रेडिट्स चालू राहू दिले.

ॲनिमेवर मी जो आरोप ठेवला होता, तोच माझ्यावर जसाच्या तसा लागू होता. एका माणसाच्या निर्णयाचं मी माझ्या गोष्टीतलं दुःख करून टाकलं होतं. त्याला नोकरी आवडते का, परत परीक्षा द्यावीशी वाटते का, हे दोन वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं. पश्चात्तापात मी इतकी बिझी होते!

मग विचारलं. नोकरी ''ठीकठाक'' आहे. परीक्षेचं ''बघू''. आणि काय बघायचं ते तो बघेल, मला विचारलं तरच मी बोलायचं. मान्य.

तर 'नो रिग्रेट्स'ला माझ्याकडून सुधारित साडेतीन स्टार. अर्धा घाईसाठी कापला, एक त्या दोघांसाठी. भावाने अर्थातच पाच दिलेत. मी समजवायला गेले, तर म्हणाला, ''तुझे तू दे, माझे मी देतो.''

बरोबर आहे.