नाडीवरचं बोट

दिवसा शरीराला आवाज नसतो. कुकरच्या शिट्ट्या, रिक्षांचे हॉर्न, ऑफिसातले फोन या गलबल्यात ते मुकाट आपलं काम करत राहतं. रात्री घर निजलं की ते बोलायला लागतं. डाव्या कुशीवर वळलं की उशीतून ठोके ऐकू येतात. पोट गुरगुरतं, पापणी लवते. मध्येच छातीत एक ठोका चुकल्यासारखा होतो आणि पुढचा दणकन आदळतो. असे जादा ठोके धडधाकट माणसांनाही अधूनमधून पडतात आणि बहुतेक वेळा त्यांनी काही बिघडत नाही. पण हे शहाणपण उजेडातलं. रात्री दोन वाजता त्या एका ठोक्यावरून मी माझ्या तेराव्यापर्यंत जाऊन आलेली असते, आचारी कोणता सांगायचा इथवर.

मला आजारांची भीती वाटते. आजार मात्र, देवाच्या कृपेने म्हणा की फॅमिली डॉक्टरांच्या, फारसे वाट्याला आलेले नाहीत. मनगटावर बोट ठेवून घड्याळाकडे बघत बसायची माझी खोड घरात सगळ्यांना ठाऊक आहे. "अगं, सारखी नाडी काय बघतेस? चालू आहे म्हणून तर बघता येतंय ना!" असं आई म्हणते. याहून नेमकं निदान अजून कुणी केलेलं नाही.

ही भीती मोठी हुशार असते. आपले पुरावे ती आपणच तयार करते. घाबरलं की अ‍ॅड्रेनलिन वाढतं, काळीज धडधडतं. श्वास उथळ आणि भरभर होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. मग बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. झालं! एवढी लक्षणं गोळा झाल्यावर आजार नाही असं कोण म्हणेल? मग दवाखाना, ईसीजी, "सगळं नॉर्मल आहे हो!" पण तो दिलासा दारातल्या रांगोळीसारखा, दुसऱ्या सकाळी नवा घालावा लागतो.

जेरोम के. जेरोम यांच्या १८८९ सालच्या 'थ्री मेन इन अ बोट'मधला गडी असाच. किरकोळ दुखण्यावरचा उपाय शोधायला तो ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जातो, सगळे रोग ओळीने वाचतो आणि गुडघ्याचं एक दुखणं सोडलं तर बाकी झाडून सगळे आपल्याला आहेत या निष्कर्षाला येतो. आज ते ग्रंथालय उशीखाली असतं, आणि त्याला बंद व्हायची वेळ नसते. त्या गड्याचे डॉक्टर मात्र मोठे मार्मिक. त्यांच्या चिठ्ठीत औषध नाहीच. भरपेट खाणं-पिणं, रोज सकाळी लांबलचक पायपीट, रात्री वेळेवर झोप आणि न कळणाऱ्या गोष्टी डोक्यात न भरण्याची ताकीद. हसण्यासाठी लिहिलेल्या त्या चिठ्ठीतलं पिणं वगळलं, तर बाकी सगळं मी पुढे भीतीपोटी केलं.

पहिली गदा चहावर आली. कॅफिनने धडधड वाढते, हे कळल्यावर संध्याकाळचा कप गेला. वर्षानुवर्षं हुलकावणी देणारी झोप त्यानंतर जरा माणसाळली. फोन रात्री स्वयंपाकघरात, फ्रिजवर मुक्कामाला गेला. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा ताटाच्या डाव्या बाजूचं लोणचं, पापड, सांडगी मिरची यांची ये-जा सणासुदीपुरती उरली. श्वास सावकाश सोडला की नाडी मंदावते, हे बोट मनगटावर असतानाच ध्यानात आलं. त्या बोटाचा तेवढा एक उपयोग झाला.

आणि टेकडी. कोथरूडच्या बाजूने वेताळ टेकडी चढायला लागले ती हृदय बळकट करायला. मनगटावर पट्टा, नजर आकड्यावर. चढावर नाडी वाढणारच, ती वाढायलाच हवी. तरी आकडा फुगला की मी दगडावर बसून तो उतरायची वाट बघायची. पुढे कधीतरी पट्टा चार्ज करायचा राहिला. त्या सकाळी खाणीच्या अंगाने मोर ओरडला, तो मला ऐकू आला. रोजच ओरडत असणार. मग हळूहळू माघातला गिरिपुष्पाचा फिका गुलाबी बहर दिसला, दिवाळीनंतर पिवळं पडत जाणारं गवत दिसलं, काठी टेकत येऊन सगळ्यांना "काय, आज उशीर?" विचारणारे आजोबा दिसले. माझं लक्ष आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कातडीच्या बाहेर, इतका वेळ राहिलं होतं.

चार्ल्स डार्विन यांची गोष्ट मला इथे आठवते. १८३१च्या डिसेंबरात 'बीगल' सुटायची वाट बघत असताना त्यांच्या छातीत धडधड आणि दुखणं सुरू झालं. आपल्याला हृदयविकारच आहे अशी त्यांची खात्री पटली. तरी ते डॉक्टरकडे गेले नाहीत. सफरीला नालायक ठरवतील, ही भीती त्याहून मोठी होती. पुढे जन्मभर प्रकृतीच्या तक्रारी चालूच राहिल्या. १८४९पासून ते रोजच्या दुखण्याखुपण्याची वही लिहू लागले. त्याच सुमारास केंटमधल्या घराजवळ झाडं लावून त्यांनी एक पायवाट केली होती. तिच्यावर फेऱ्या मारायच्या आणि मोजदादीसाठी वाटेवरचा खडा पायाने उडवायचा, हा नेम. वही १८५५मध्ये थांबली. पायवाट उतारवयापर्यंत चालू राहिली. १८८२मध्ये, ७३व्या वर्षी ते गेले, आणि गेले हृदयाच्याच विकाराने. म्हणजे भीती खरी ठरली म्हणायची, पण पन्नास वर्षांनी. आणि मधल्या काळात जगप्रदक्षिणा झाली होती, 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' लिहून झालं होतं.

वही आणि पायवाट. दोन्ही तब्येतीसाठीच, पण एक माणसाला आत वळवते आणि दुसरी बाहेर नेते. माझ्या सवयी मी आता याच कसाला लावते. एक दिवस टेकडी चुकली आणि नुसती चुटपुट लागली, तर ती सवय माझी. चुकली म्हणून धास्ती वाटली, तर ती अजून भीतीचीच चाकरी. पथ्यसुद्धा आजाराचा वेश असू शकतो.

भीती गेलेली नाही. तिला नियम मात्र घालून दिले आहेत: वर्षातून एकदा तपासणी, एकच डॉक्टर, आणि रात्री शोधाशोध बंद. तुमच्याही उशीतून ठोके ऐकू येत असतील, तर एवढं करा. छातीत दाटून आलं, घाम फुटला, दुखणं हातात-जबड्यात उतरलं, तर हे असले निबंध वाचत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. तपासण्या निर्मळ येऊनही भीती दिवस खात असेल, तर तिच्यावरही उपचार आहेत. समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला लाजू नका. सरकारची 'टेलिमानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, फुकट मिळते. आणि सकाळी चालायला जाल, तेव्हा पट्टा घरीच ठेवा.