पेजमेकरराव

या, ओळख करून देतो. स्क्रीनवरच्या या छोट्या चौकटीत बसलेत ते पेजमेकरराव. धंदा छपाईची पानं जुळवण्याचा, म्हणजे पेजमेकर हे डीटीपी सॉफ्टवेअर. जन्म १९८५चा, आल्डस कंपनीतला. १९९४ मध्ये अडोबीच्या घरी गेले, २००१ मध्ये ७.० झाले आणि तिथेच थांबले. इनडिझाइन हे धाकटं भावंड घरात रुळल्यावर घरच्यांनी त्यांच्याकडे पाहणं सोडलं. आमच्याकडच्या छापखान्यांनी मात्र सोडलं नाही. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, वर्षश्राद्धाच्या जाहिराती, सगळं यांच्याच हातचं.

नव्या विंडोजची हवा त्यांना मानवत नाही. मग सोळा जीबी रॅमच्या मशीनवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे संगणकातल्या संगणकात, जुन्या विंडोज एक्सपीची खोली काढून दिली. ५१२ एमबीत राव खूश! एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ रोजी बंद झाले, म्हणून खोलीत इंटरनेट दिलेलं नाही. मराठी सॉफ्टवेअरचं यूएसबी कुलूप, म्हणजे डोंगल, मात्र आधी बाहेरचं विंडोजच बळकावतं. ते मेनूतून आत सोपवलं नाही, तर मराठीचं काम अडलंच.

राव शिस्तीचे कडक. कंट्रोल झेड एकदाच. त्यामागची चूक माफ नाही. म्हणूनच जुन्या ऑपरेटरचं बोट दर दोन ओळींनी कंट्रोल एसवर जातं. हल्लीच्या मुलांना ही सवय नाही, आणि रावांपुढे ती लागतेच.

युनिकोडशी त्यांचा उभा दावा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली बातमी पेस्ट करा, प्रश्नचिन्हांची रांग उभी करतील. त्यांचं लिखाणही बाहेर कोणाला कळत नाही. जुन्या फॉन्टांनी मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवली होती. कृतिदेव फॉन्टमधला ‘मराठी’ शब्द बाहेर काढला की नुसता ‘ई-जे-के-बी-एच’ उरतो.

मग यांना सांभाळायचं कशाला? कारण त्यांच्या फाइल्स इनडिझाइन सीएस ६ पर्यंतच उघडत असत. पुढच्या आवृत्त्यांनी हात वर केले. मध्यंतरी एक बाई वडिलांच्या कवितासंग्रहाची सीडी घेऊन आल्या. पुस्तकाची एकही प्रत घरात उरली नव्हती. रावांनी फाइल घेतली आणि फॉन्ट नाही म्हणून भलतेच पर्याय पुढे केले. जुन्या हार्ड डिस्कमधून फॉन्ट शोधून बसवला, तशी पानं जशीच्या तशी उभी राहिली. ओळ तेव्हा जिथे तुटली होती, तिथेच आजही तुटत होती. कवितेत त्याला मोल असतं, आणि हे रावांइतकं चोख दुसरं कोणी जपलं नसतं.

पीडीएफ काढून दिली आहे. आता मजकूर युनिकोडमध्ये न्यायचं काम सुरू आहे. कन्व्हर्टर बहुतेक अक्षरं नीट आणतो, पण रफार शेजारच्या अक्षरावर सरकतो आणि ‘धर्म’चं काहीतरी भलतंच होतं. म्हणून रावांची चौकट शेजारी उघडी ठेवून बाई स्वतःच ओळ न् ओळ ताडून पाहतात.