शिक्षणसेवक, मुक्काम ग्लासगो

डिसेंबरात इथे पावणेचारला सूर्य मावळतो. उगवला होता हे आपण गृहीत धरायचं. अशा गावात मी सूर्यावर पोट भरते, हे टॅक्सीवाल्याला सांगितलं की तो आधी ढगांकडे बोट दाखवतो आणि मग खो-खो हसतो. पहिल्या वर्षी मी समजावत बसायचे, की मला हवे असलेले क्ष-किरण हवेतून जमिनीपर्यंत येतच नाहीत, त्यासाठी उपग्रहच लागतो, ढगांचा काय संबंध? आता मीही हसते.

आईला समजावणं अवघड गेलं. "पीएचडी झाली ना? मग पोस्टडॉक कशाला? अजून शिकतेच आहेस?" शेवटी तिनंच सोडवलं. "कळलं गं, शिक्षणसेवक." अगदी बरोबर! फक्त शिक्षणसेवक तीन वर्षांनी कायम तरी होतो. आम्ही दोन-तीन वर्षांनी बॅगा भरतो.

कुठल्या गावासाठी भरायच्या, ते उपग्रह आणि त्यांची विदा वाचणारे गट ठरवतात. सौर ज्वालेत, म्हणजे सूर्यावरच्या स्फोटात, वेगानं सुटलेले इलेक्ट्रॉन सूर्याच्या खालच्या दाट थरावर आदळतात आणि क्ष-किरण निघतात. त्या आदळण्याचं गणित 1971 मध्ये मांडलं ते ग्लासगोच्या जॉन ब्राउन यांनी. पुढे ते स्कॉटलंडचे राजखगोलशास्त्रज्ञ झाले.  त्यांच्यामुळे इथे आमचा सौर ज्वालांचा गट. 2002 ते 2018 'रेसी' उपग्रहानं जगभरच्या आमच्यासारख्यांना काम पुरवलं. आता 2020 मध्ये सुटलेल्या 'सोलर ऑर्बिटर'वरच्या 'स्टिक्स' या क्ष-किरण उपकरणाचा जमाना आहे. ते स्वित्झर्लंडमधल्या विंडिशला बनलं, त्यावर काम करणारे गट इतरत्रही आहेत, त्यामुळे विंडिश, ग्राझ, पोट्सडाम, जेनोवा ही नावं आम्हाला एसटीच्या पाटीसारखी पाठ.

'स्टिक्स'ला भिंग नाही, कारण हे किरण भिंगाला दाद देत नाहीत. त्यात टंगस्टनच्या जाळ्यांच्या जोड्या आहेत. मच्छरदाणी दुहेरी पडली की तिच्यावर लाटांसारखे पट्टे दिसतात ना, तसे पट्टे पडतात आणि त्यांवरून ज्वालेचं चित्र गणितानं उभं करायचं. माझा दिवस त्यात जातो.

10 मे 2024 च्या रात्री मात्र सूर्य आपणहून भेटायला आला. केल्विन नदीच्या पुलावर निम्मी गल्ली जमली होती, ध्रुवीय प्रकाशानं आकाश गुलाबी-हिरवं. शेजारच्या आजी नाइटगाऊनवर कोट चढवून आल्या आणि मलाच म्हणाल्या, "ही तुझी करामत?" ज्या सौरडागांच्या समूहानं हे घडवलं तो पुढे फिरून सूर्यामागे गेला, आणि 20 मे रोजी 'स्टिक्स'नं तिथेच एक प्रचंड ज्वाला टिपली. पृथ्वीवरून ती दिसलीच नाही. माझ्या कंत्राटाचे तेव्हा अकरा आठवडे उरले होते. सौरचक्र साधारण अकरा वर्षांचं. ते अख्खं एका नोकरीत पाहिलेला पोस्टडॉक मला अजून भेटायचाय.

नियमही मजेशीर. युरोपची मारी क्युरी फेलोशिप चांगली, पण गेल्या तीन वर्षांत ज्या देशात बारा महिन्यांहून जास्त राहिलात, तिथल्यासाठी अर्ज करता येत नाही. रुळलात की निघा! इथे ब्रिटनमध्ये व्हिसासोबत आरोग्य अधिभार प्रौढ माणसामागे वर्षाला 1,035 पौंड, तोही सगळ्या वर्षांचा आगाऊ. पहिला पगार हातात पडण्याआधीच.

तरीही पुण्या-कोल्हापुरातून विद्यार्थ्यांची "या कामात येऊ का?" अशी पत्रं येतात तेव्हा मी "नको" म्हणत नाही. भारताच्या 'आदित्य-एल1' या सौरयानावरची दोन क्ष-किरण उपकरणं बंगळुरूची, 'सूट' दुर्बीण पुण्याच्या आयुकाची. विदा खुली आहे, 'स्टिक्स'चीही. जाहिरातीची वाट पाहण्याआधी त्यातली एक ज्वाला स्वतः सोडवून बघा आणि ती घेऊनच गटप्रमुखाला लिहा. नुसत्या गुणपत्रिकेला उत्तर येत नाही. आणि मुलाखतीत न लाजता विचारा, की निधी कोणत्या तारखेपर्यंत आहे. मी विचारलं नव्हतं.